विम्याचा वर्ग पलीकडे

“आई, हात खाली घे ना,” लेक ओठ न हलवता म्हणाली. पण तोवर मावशींचा हात वर गेलाच होता.

“बोला मावशी,” उपप्राचार्य म्हणाले.

“सर, विम्याच्या वर्गात बाकं किती आहेत?”

मागे कोणीतरी खुदकन हसलं. उपप्राचार्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “इथे आहेत साधारण तितकीच. का हो?”

“नाही, म्हणजे एका बाकावर दोघं बसतात ना. आम्ही दोघी एकदम गेलो तर एकच बाक मिळेल ना, एवढंच विचारायचं होतं.”

आता सगळा वर्गच हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, मावशींवर सगळ्यांचा जीव होता. पण लेकीने मान खाली घातली, वहीच्या कोपऱ्यात पेनाने गिरवायला घेतलं आणि कागद फाटेपर्यंत गिरवत राहिली. मावशी खाली बसल्या आणि तिच्या कानाशी लागून म्हणाल्या, “विचारलेलं बरं असतं गं. ऐनवेळी धावपळ नको.”

मावशी म्हणजे कोणी शिपाईण नव्हे की डबा द्यायला आलेली आई नव्हे. त्या याच वर्गातल्या विद्यार्थिनी. वित्त शाखेच्या पदवीचं पहिलं वर्ष त्यांनी लग्नाआधी सोडलं होतं आणि मग संसार, सासूचं आजारपण, लेकीची शाळा या रामरगाड्यात ते कायमचंच सुटलं होतं. दुपारी त्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात काम करायच्या. पेशंटच्या डोळ्यांत औषध घालायचं आणि बाहुली मोठी होईपर्यंत त्यांना गप्प बसवून ठेवायचं. लेकीच्या प्रवेशाच्या वेळी नवरा सहज म्हणून गेला, “तूही भर की अर्ज, कॉलेज सकाळचंच तर आहे.” तो चेष्टेत म्हणाला होता. मावशींनी ते मनावर घेतलं आणि बघता बघता मायलेकी एका वर्गात, एका बाकावर येऊन बसल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भर वर्गात लेकीला “चिंगे, पेन दे गं” म्हणून हाक मारली. त्या दिवसापासून सगळं कॉलेज तिला चिंगी म्हणायला लागलं. लेक त्या दिवशी घरी येऊन जेवली नव्हती.

आता शेवटचं वर्ष तोंडावर आलं होतं आणि ऐच्छिक विषय निवडायचा होता. एकच विषय, पण वर्षभराचा, आणि पुढे नोकरीला जाताना तोच कपाळावर चिकटणारा. या कॉलेजातली निवडीची रीतही जगावेगळी. पूर्वी म्हणे सगळं कॉम्प्युटरवर व्हायचं. पण पोरं एकमेकांची नावं भलत्याच विषयाला टाकायची, आणि एक बिचारा मित्रांच्या चेष्टेपायी वर्षभर करआकारणी शिकत बसला. तेव्हा उपप्राचार्यांनी वैतागून फर्मान काढलं, की ज्याला जो विषय हवा त्याने ठरल्या दिवशी त्या वर्गात स्वतः जाऊन बसायचं. बाकं भरली की भरली. घंटा झाली की दारं बंद, आणि जो जिथे बसलेला असेल तो वर्षभर तिथला. पोरं याला ‘बूड टेकवा योजना’ म्हणत.

मावशींचं आणि लेकीचं ठरलं होतं, विमा आणि जोखीम. म्हणजे ठरवलं मावशींनी, लेक “बरं” म्हणाली. विम्याच्या मॅडम सावकाश शिकवत, शेवटी छापील टिपणं देत. मावशींना तेच झेपण्यासारखं होतं. खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं त्या पास झाल्या त्या लेकीच्या जिवावर. संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर कुकर लावायचा, लेकीसमोर वही उघडून बसायचं आणि सकाळी वर्गात जे डोक्यावरून गेलं ते तिच्याकडून पुन्हा ऐकायचं. लेक शिकवायचीही छान. कधी चिडायची, “आई, व्याजावर व्याज म्हणजे काय हे मी आता भिंतीला पण शिकवू शकते.” मावशी हसायच्या. दिवसभरातला तो तास त्यांना सगळ्यात आवडायचा, पण हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. लेक दुसऱ्या वर्गात गेली तर आपण नापास होणार, ही धास्ती तर होतीच. त्याहून मोठी धास्ती तो तास हातचा जाण्याची होती.

आणि मग ते लायब्ररीतलं झालं.

मावशी कपाटाच्या खालच्या फळीवरचं पुस्तक काढायला उकिडव्या बसल्या होत्या. कपाटाच्या पलीकडे लेक आणि तिची मैत्रीण येऊन उभ्या राहिल्या. मैत्रीण ताडमाड उंच, सगळे तिला लंबू म्हणत.

“मग सांगून टाक ना घरी, मला डेरिव्हेटिव्हज घ्यायचंय म्हणून,” लंबू म्हणत होती.

“सांगितलं की आई म्हणणार, घे की. आणि मग कुढत बसणार. तिला नाही गं झेपणार ते. तुफान सरांचं अर्धं बोलणं मलाच कळत नाही.” तुफान सर म्हणजे डेरिव्हेटिव्हज, शेअरबाजारातले वायद्याचे सौदे, शिकवणारे. श्वास न घेता बोलत म्हणून हे नाव.

“आणि ती कंपनी? दर वर्षी त्याच वर्गातली पोरं नोकरीला घेतात ते.”

“माहितेय मला.” फळीवर पुस्तक आपटलं. मग लेकीचा आवाज आला, हळू. “कधी कधी वाटतं, एकदा तरी वर्गात एकटीनं बसावं. उत्तर चुकलं तर चुकलं. आई चांगली आहे गं, तसं नाही. पण मी वर्गात पण घरीच असते.”

लंबू काहीतरी म्हणाली, दोघी निघून गेल्या. मावशींच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. कपाटाला धरून त्या उठल्या आणि पुस्तक न घेताच बाहेर पडल्या.

माणसाचं मन मोठं लबाड असतं. ऐकलेल्यातलं सोयीचं तेवढं उचलतं आणि बाकीचं जिथल्या तिथे ठेवून येतं. बसस्टॉपपर्यंत जाता जाता मावशींच्या हाती एवढंच उरलं होतं, की पोरीला डेरिव्हेटिव्हज हवंय आणि माझ्यापायी ती विमा घेतेय. त्यांना भडभडून आलं. आपली पोर आपल्यासाठी मन मारतेय, आणि आपण वर्गात बाकं मोजत बसलोय. तिचं पुढचं बोलणं त्यांनी ऐकलं नव्हतं असं नाही. पण ते आठवायला लागलं की त्या घाईघाईने दुसरं काहीतरी आठवायच्या.

उपाय त्यांना बसमध्येच सुचला. पोरीला विम्यात यावं लागतंय ते आपल्याला डेरिव्हेटिव्हज झेपत नाही म्हणून. मग झेपवायचं. त्यात काय एवढं.

पण त्यात बरंच काही होतं. त्यांनी लेकीच्या नकळत डेरिव्हेटिव्हजचं पुस्तक आणलं आणि दवाखान्याच्या ड्रॉवरमध्ये कापसाच्या गुंडाळ्यांखाली ठेवलं. पहिलं पान वाचलं आणि त्यांनी पुस्तक मिटून पुन्हा उघडलं. दुसरं वाचलं तेव्हा पहिलं काय होतं ते आठवेना. फ्युचर्स म्हणजे काय, ऑप्शन म्हणजे काय, कोण कोणाला काय विकतोय आणि मुळात विकायला जवळ आहे का तरी काही, सगळाच सावळागोंधळ. त्या डोळ्यांत औषध घालता घालता पुटपुटत राहायच्या. एकदा डाव्या डोळ्याचं औषध उजव्यात घालणार होत्या, पेशंटनेच हात धरला.

हा पेशंट म्हणजे शेअरबाजारातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. मोतीबिंदूच्या तपासणीला दर काही दिवसांनी यायचे आणि डोळे मिटून बसलं की त्यांच्या तोंडाची टकळी सुरू व्हायची.

“काय पुटपुटताय बाई? जप चाललाय का?”

“जप कसला. ऑप्शन,” मावशी म्हणाल्या. “डोकं फुटायची वेळ आलीय माझी.”

गृहस्थ मिटल्या डोळ्यांनी एकदम ताठ बसले. “अहो, त्यात काय आहे? घर घेताना इसार देता ना?”

“देतो.”

“समजा मी म्हटलं, हे घर तीन महिन्यांनी आजच्याच भावाने तुम्हाला देईन, पण इसार आत्ता द्या. तुम्ही दिलात. आता भाव चढला तर काय कराल?”

“घेईन घर.”

“आणि पडला तर?”

मावशींनी विचार केला. “नाही घेणार. इसार बुडला तर बुडला.”

“झालं. घ्यायचा हक्क तुमचा, पण घेतलंच पाहिजे असं काही नाही. हाच ऑप्शन. डोळे उघडू का?”

“नका. अजून वेळ आहे,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी स्टूल ओढून घेतलं. “आता फ्युचर्स सांगा.”

त्या दिवशी गृहस्थांची बाहुली केव्हाच मोठी होऊन गेली, तरी मावशींनी त्यांना डोळे उघडू दिले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी आतून दोनदा हाक मारली. पुढे गृहस्थ काम नसतानाही यायला लागले. मावशींना सगळं कळलं असं अजिबात नाही, पण पुस्तक उघडलं की पहिल्यासारखा दरदरून घाम यायचा तो थांबला. काळजी मात्र हटली नव्हती. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहायच्या. एकदा भात करपला.

“सरळ सांगत का नाहीस तिला?” नवरा म्हणाला. तो फ्रिज दुरुस्त करायचा आणि घरी आल्यावरही हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचा नाही. लेक शेजारी गेली होती म्हणून दोघं बोलत होते.

“सांगितलं तर ती म्हणेल, माझ्यासाठी त्रास नको घेऊस, आणि हट्टाने विमा घेईल. हट्टी आहे. तुमच्यावर गेलीय.”

“चांगलं काही निघालं की तुझ्यावर गेलेली असते.”

“निवडीच्या दिवशी मी आधी जाऊन डेरिव्हेटिव्हजच्या वर्गात बसणार. जागा धरणार. तिला कळलं की येईलच धावत.”

नवरा स्क्रूड्रायव्हर बोटांत फिरवत राहिला. “आणि तिला एकटीलाच जायचं असलं तर?”

“कुठे?”

“कुठे नाही. असंच आपलं म्हटलं,” तो म्हणाला आणि उठून विनाकारण पंख्याचं बटण तपासायला लागला.

आदल्या संध्याकाळी लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालता घालता, वर न बघता म्हणाली, “आई, उद्या तू पुढे जा. मी लंबूबरोबर सायकलवर येते. विम्याच्या वर्गात जागा धरून ठेव. मी येतेच मागून.”

“धरते की,” मावशी म्हणाल्या. आपलं गुपित ओठांवर येतंय असं वाटून त्या घाईने स्वयंपाकघरात गेल्या. लेकीने एकच टॉवेल पुन्हा पुन्हा उलगडून त्याची घडी घातली, ते पाहायला त्या तिथे नव्हत्याच.

निवडीच्या दिवशी कॉलेजचा व्हरांडा नुसता फुलून गेला होता. प्रत्येक दारावर विषयाचं नाव खडूने लिहिलेलं. पोरं या दारातून डोकवायची, त्या दारातून डोकवायची. कोणी फोनवर बापाशी भांडत होतं, कोणी मित्राला ओढत होतं. एका मुलीला तर रडू कोसळलं होतं आणि दोघीजणी तिला दोन बाजूंना खेचत होत्या. विम्याच्या दारापुढून जाताना मॅडमनी हसून बोलावलं, “या मावशी, मोकळं आहे अजून.” मावशी म्हणाल्या, “आलेच,” आणि पाय रेटत पुढे गेल्या.

डेरिव्हेटिव्हजचा वर्ग अर्धा भरला होता. मावशी आत शिरल्या तशी कुजबुज झाली. “मावशी, इथे?” पुढच्या बाकावरच्या मुलाने विचारलं.

“हो, इथे. का? माझी उंची बसत नाही का?” मावशी म्हणाल्या आणि खिडकीजवळच्या बाकावर बसल्या. शेजारी पिशवी ठेवली.

तुफान सर आले आणि दार ओलांडायच्या आतच बोलायला लागले. हा विषय खेळ नाही, पहिल्या महिन्यातच अर्धी मुलं पस्तावतात, ज्यांना नुसती त्या कंपनीतली नोकरी हवी त्यांनी आत्ताच उठावं, असं काय काय. बोलता बोलता त्यांची नजर मावशींवर पडली.

“मावशी, तुम्ही? ऑप्शन म्हणजे काय ठाऊक आहे का?”

वर्ग वळून पाहायला लागला. मावशींना उठावं आणि पळावं असं वाटलं. मग त्यांनी बाकाची कड घट्ट धरली. “इसार, सर. म्हणजे, घ्यायचा हक्क. पण घेतलंच पाहिजे असं नाही. नाही घेतलं तर इसार बुडतो, तेवढंच नुकसान.”

सर चक्क थांबले. “इसार,” ते म्हणाले. “हे लिहून घ्या रे. गेल्या वर्षीच्या वर्गाला मी हे महिनाभर समजावत होतो.”

मावशींच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. इतक्या वर्षांत वर्गात त्यांनी दिलेलं हे पहिलं बरोबर उत्तर. बाजूला लेक नव्हती, कोणी कानात सांगितलेलं नव्हतं. तिने हे ऐकायला हवं होतं, असं त्यांना फार फार वाटलं.

बाकं भराभर भरली. कोणी पिशवीकडे बोट दाखवून विचारलं की मावशी म्हणायच्या, “येतेय ती, येतेय.” शेवटी वर्गात फक्त ती पिशवीची जागा उरली. दारातून शिपाई घंटेच्या दोरीशी जाऊन उभा असल्याचं दिसत होतं. मावशींचा जीव टांगणीला लागला. पोरगी विम्याच्या वर्गात आपल्याला शोधत बसली की काय? निरोप पाठवायला हवा होता.

तेवढ्यात दारात लेक आली. लंबू मागे होती. लेक धावत आली असावी, धाप लागली होती, आणि ती मोठ्याने हसत होती. असं तोंडभरून हसताना मावशींनी तिला कॉलेजात कधी पाहिलंच नव्हतं. विम्याच्या वर्गाकडे तिने ढुंकूनही पाहिलेलं नव्हतं. ती सरळ इथे आली होती.

मग तिला मावशी दिसल्या.

दवाखान्यात मावशी रोज एक चेहरा बघायच्या. औषध झोंबणार हे माहीत असून डोळा उघडा धरणाऱ्या माणसाचा. लेकीचा चेहरा क्षणभर तसा झाला. मग तिने तो सावरला, ओठांवर हसू ओढून आणलं आणि बाकाकडे आली.

“आई, तू इथे?”

“जागा धरली तुझ्यासाठी,” मावशी म्हणाल्या. दुसरं काही सुचलंच नाही.

“बरं झालं,” लेक म्हणाली. पिशवी उचलून खाली ठेवली आणि शेजारी बसली. वही काढली. पेन काढलं. सगळं अगदी रोजच्यासारखं. तिचा हात मावशींच्या हाताला लागला तेव्हा गार होता.

‘मी येतेच मागून’ म्हणाली होती पोर. ती येणारच नव्हती. मावशींना आधी राग आला, सणसणून. तुझ्यासाठी मी भात करपवला, पेशंटचा डावा-उजवा डोळा चुकवायची वेळ आणली, आणि तू मला त्या वर्गात एकटीला बसवून इकडे पळणार होतीस? आणि रागामागोमाग लायब्ररीतलं ते वाक्य आलं, इतके दिवस दाराबाहेर उभं करून ठेवलेलं. मी वर्गात पण घरीच असते. आता ते आठवायचं नाही म्हटलं तरी जाईना. पोर शेजारी बसून, ठरल्यासारखी, वहीच्या कोपऱ्यात गिरवायला लागली होती. आणखी एक वर्ष ती असंच गिरवत बसेल आणि एका शब्दाने बोलणार नाही, हे मावशींना स्वच्छ दिसलं.

लंबू दारातच घुटमळत होती. तिला जागाच नव्हती.

मावशी उभ्या राहिल्या.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, चांगल्या मोठ्याने. “हा विम्याचा वर्ग नाही का?”

वर्गात हास्याची लाट उसळली. “मावशी, दारावर एवढं मोठं लिहिलंय,” कोणीतरी ओरडलं. “मावशी, चष्मा बदला, दवाखाना घरचाच आहे.” मावशीही हसल्या. कपाळावर हात मारून घेतला, जरा जास्तच जोरात.

“अहो मावशी, पण आत्ताच तर तुम्ही मला ऑप्शन...” तुफान सर म्हणाले.

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. सरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मान खाली घातलेल्या मुलीकडे, आणि तोंडातलं वाक्य त्यांनी तसंच सोडून दिलं.

“विम्याचा वर्ग पलीकडे, मावशी,” ते म्हणाले. इतकं सावकाश बोलताना त्यांना कोणी ऐकलं नव्हतं. “या.”

लेकीने त्यांचं मनगट धरलं. “आई, थांब ना. आपण दोघी...”

“वेडी का तू? मला काय कळतंय यातलं.” मावशींनी मनगट सोडवून घेतलं, हळूच. “लंबू, ये गं. बस इथे. घंटा होईल.”

लंबू आली आणि बसली. लेकीने वर पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण ती उठली नाही. तिने उठू नये अशीच मावशींची मनापासून इच्छा होती, आणि ती खरंच उठली नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं. दोन्ही एकाच वेळी. पिशवी घेऊन त्या बाहेर पडल्या, मागे हसू अजून चालूच होतं.

विम्याच्या दारात पोरं उभीच्या उभी दाटली होती. मॅडमनी आतूनच हात जोडले. “भरलं हो मावशी. मघाशीच आला असतात तर...”

“असू दे, असू दे,” मावशी म्हणाल्या.

घंटा वाजली. व्हरांड्यातली दारं एकामागून एक लागत गेली. जो तो आत. मावशी उरलेल्या दारांवरची खडूची अक्षरं वाचत चालल्या. आता हसू येण्यासारखं खरंच होतं, पण अक्षरं नीट दिसत नव्हती. अगदी टोकाला एक दार अजून उघडं होतं. सार्वजनिक वित्त. सरकार पैसा कुठून आणतं आणि कुठे घालवतं, त्याचा विषय. याला कधी कोणी जात नसे.

आत पाच-सहा पोरं विखरून बसली होती, सगळी इकडून तिकडून उशिरा आलेली, चेहरे पडलेले. म्हातारे सर फळा पुसत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं. मावशींच्या विम्याच्या बाकाची गोष्ट कॉलेजभर झालेली होती.

“विमा मागे राहिला, बाई. चुकून आलात का?”

मावशी उंबऱ्यावर थांबल्या. मघाचंच बोलणं पुन्हा बोलायचं, तर सोपं होतं. डोक्याला हात लावायचा, हसायचं.

“नाही सर,” त्या म्हणाल्या. “चुकून नाही. मी बघूनच आले.”

“मग या ना,” सर म्हणाले, आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मावशी भिंतीकडच्या रांगेतल्या एका रिकाम्या बाकावर बसल्या. वही काढली, पेन काढलं, पिशवी पायाशी ठेवली. सरांनी फळ्यावर तारीख घातली आणि वळून त्यांच्याकडे पाहत राहिले.

“तुमच्या बाजूला कोणी येणार आहे का?”

मावशींनी बाजूला पाहिलं. त्या बाकाच्या अगदी टोकाला, भिंतीला चिकटून बसल्या होत्या. अर्धं बाक तसंच मोकळं होतं.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“मग मधे बसा की, ऐसपैस.”

सरांनी शिकवायला सुरुवात केली. पोरं वह्या उघडू लागली. मावशी थोडा वेळ तशाच बसून राहिल्या, आणि मग वही उचलून बाकाच्या मधे सरकल्या.